पाण्याखालची लेन्स आणि नातीची ठेवपावती



या समूहात आपण बहुतेक जण जुनी घरं, जुन्या शाळा, नाटकं, गणपती आणि कुंद्याच्या दुकानांबद्दल लिहितो. मी आज लिहितोय ते समुद्राखाली फोटो काढायच्या लेन्सबद्दल. बेळगावच्या माणसाचा, त्यातही बँकेतून निवृत्त झालेल्या आणि पोहता न येणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की आमच्या घरातली एक मुदत ठेव या लेन्सपायी मोडायची की नाही यावर गेल्या वर्षी चार-पाच महिने खल चालला होता. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळे तो कागद शेवटी माझ्याच टेबलावर आला.

आमचं घराणं शहापूरचं. वडिलांचं साड्यांचं छोटं दुकान होतं. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, हुबळी, कारवार, वास्को अशा बदल्या करत बेळगावातच निवृत्त झालो. समुद्राशी आमचं नातं म्हणजे सुट्टीत चोर्ला घाट उतरायचा, मिरामारला पावलं ओली करायची आणि अंधार पडायच्या आत घाट चढायला लागायचं. अशा घरातली नात गोव्यात समुद्रविज्ञान शिकायला गेली आणि पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली जायला लागली, हे आमच्या हिच्या पचनी पडायलाच दोन वर्षं लागली.

नातीचा अभ्यासाचा विषय म्हणजे समुद्रातल्या गोगलगाई. शंख नसलेल्या. त्यांना न्यूडिब्रँक म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या, काही तर मुगाच्या दाण्याएवढ्या. पण अंगावरचे रंग असे की आमच्या वडिलांच्या दुकानात तसली साडी आली असती तर पहिल्या दिवशीच खपली असती. बऱ्याच जणींच्या पाठीवर कल्ल्यांचा उघडा तुरा असतो आणि पुढे दोन शिंगं. जात ओळखायची तर त्या तुऱ्याचा, शिंगांचा आणि कडेच्या काठाचा रंग नीट दिसायला हवा. उचलून वर आणायच्या नाहीत, असं तिच्या सरांनी बजावलेलं. म्हणजे फोटो हेच व्हाउचर. व्हाउचर नाही तर नोंद नाही, हे मला लगेच कळलं.

परदेशी चाललेल्या एका सीनियर मुलीकडून तिने जुना ऑलिंपस कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग, म्हणजे पाणी आत न शिरणारा डबा, तिच्या स्टायपेंडमधून घेऊन ठेवला होता. लेन्स त्यात नव्हती. दिवे नव्हते. त्यासाठी तिला पैसे हवे होते आणि ते घरात होतेच. ती जन्मली तेव्हा बारशाचे आहेराचे पैसे आणि आमचे काही घालून पंचवीस हजारांची ठेव मी तिच्या नावे ठेवली होती. मुदत संपली की व्याजासकट पुन्हा, असं करत तेवीस वर्षांत ती एक लाख अडतीस हजारांवर गेली होती. घरात तिचं नाव ‘लग्नाची पावती’. कागदावर तसं कुठेच लिहिलेलं नाही. ती अठराची झाली तेव्हा मीच तिची सही घेऊन अज्ञान खातं सज्ञान करून घेतलं होतं. कायद्याने पैसे तिचे. पण आपल्या घरांतून कायदा काय म्हणतो हे कोण विचारतो!

मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. “अप्पा, पावतीला हात लावायला नको. आणि तुम्ही तिला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायला सांगा. तुमचं ऐकते ती.” गोगलगाईंवर घर चालत नाही, हा त्याचा मुद्दा खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही. सूनबाई दोन्ही बाजूंनी गप्प. नातीने मात्र तावातावाने काही न बोलता मला एवढंच विचारलं, “आजोबा, तुम्ही एखाद्याचा अर्ज न वाचता नामंजूर केलाय का कधी?”

म्हटलं, आण अर्ज.

आता थोडं मागे जातो, कारण पाण्याखालच्या लेन्सशी माझी ही पहिली भेट नव्हती. ऐंशीच्या दशकात वास्कोला असताना आमच्या शाखेत एक गृहस्थ यायचे, समुद्रावर संशोधन करणारे. दोना पावलाची ती मोठी संस्था, एनआयओ, १९६६ पासूनची. तिच्यामुळे त्या भागात असे लोक अधूनमधून दिसायचे. हे एकदा लॉकर उघडायला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत निकोनॉस होता. मला फोटोंचा नाद (माझ्याकडे तेव्हा आगफा क्लिक थ्री होता, हसू नका), म्हणून त्यांनी तो हातात दिला. निकोनॉस हा मूळचा कॅलिप्सो नावाचा फ्रेंच कॅमेरा, समुद्र संशोधक कूस्तोंच्या मंडळींनी करवून घेतलेला. निकॉनने तो १९६३ पासून आपल्या नावाने काढला. त्याला वेगळा डबा लागायचा नाही, कॅमेराच पाण्यात जायचा. लेन्सवर दोन्ही बाजूंना दोन मोठ्या गुंड्या आणि अंतर अंदाजाने लावायचं. मी विचारलं, पाण्यात वस्तू जवळ दिसते म्हणतात, मग खरं अंतर कसं काढता? ते म्हणाले, “काढायचंच नाही. डोळ्याला दिसतं तेच लेन्सला सांगायचं. तीही त्याच पाण्यातून बघते.”

हे वाक्य मी चाळीस वर्षं विसरलो नव्हतो, आणि नातीच्या अर्जाच्या वेळी कामाला आलं.

पाण्याचं गणित असं आहे. मास्कच्या किंवा कॅमेऱ्याच्या सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो, आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठाही. म्हणजे सपाट काचेमागे लावलेली रुंद दृश्याची लेन्स आपली रुंदी गमावते, कडांना रंग फाटतात. त्यावर उपाय म्हणजे लेन्सपुढे घुमटासारखी गोल काच. घुमट लावला की रुंदी परत मिळते. पण त्यातही गंमत आहे. घुमटामुळे लांबचं दृश्यसुद्धा काचेपुढे फूटभर अंतरावर ‘उभं’ राहतं आणि लेन्सला तिथे नजर लावावी लागते. जमिनीवर लांबचे डोंगर टिपणारी लेन्स फूटभर अंतरावर नजर लावू शकत नसेल तर घुमटामागे ती आंधळी. उलट लहान जीव टिपायच्या मॅक्रो लेन्सला सपाट काच चांगली. तिचं दृश्य मुळात अरुंद, आणि ते तिसऱ्या हिश्श्याचं मोठेपण फुकटात मिळतं. हे एवढं समजायला मला नातीकडून तीन रविवारी फोनवर शिकवणी घ्यावी लागली. वहीत आकृत्या काढल्यात, कोणाला हव्या असतील तर फोटो टाकीन.

पण खरा मामला रंगांचा. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाईक बायका साडी पसंत पडली की ती घेऊन आधी रस्त्यावर यायच्या. ट्यूबलाइटमध्ये डाळिंबी दिसलेली साडी उन्हात विटकरी निघते हे त्यांना पक्कं माहीत. वडील कधी अडवायचे नाहीत. पाण्याखाली याच्या उलट होतं, तिथे बाहेर पडायला ऊनच नसतं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग पिऊन टाकतं. पाचेक मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ संपलेला. मग नारिंगी, मग पिवळा. राहतात हिरवा आणि निळा. लालभडक तुऱ्याची गोगलगाय दहा मीटरवर काळपट दिसते. आणि हा हिशोब फक्त वरून खाली नाही, आडवाही लागतो. गोगलगाईपासून लेन्सपर्यंत जेवढं पाणी, तेवढा रंग आणखी खर्ची. दिवा लावला तरी त्याच्या प्रकाशाला जाऊन यायचं दुहेरी भाडं पडतं.

म्हणून पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांचा पहिला नियम, जवळ जा. आणि गेलात की अजून जवळ जा.

बडोद्याचे आमचे मावसभाऊ पक्ष्यांचे फोटो काढतात. त्यांनी फोनवर सल्ला दिला, मोठी टेलि लेन्स घे म्हणावं, लांबून निवांत काढता येतात, जीव बिचकत नाहीत. जमिनीवर शंभर टक्के बरोबर. पाण्यात ती लेन्स म्हणजे पाण्याचाच फोटो काढायचा. मासा मागे कुठेतरी असेल. त्यांना हे समजावताना मीच पाण्याखाली जाऊन आल्यासारखं बोलत होतो असं ही म्हणते.

आता अर्जाकडे. नातीने दोन पर्याय लिहून आणले होते आणि तिचं मन कशावर आहे ते लपत नव्हतं. पहिला, आठ मिलिमीटरची फिशआय आणि तिचा घुमट. दुसरा, साठ मिलिमीटरची मॅक्रो आणि सपाट पोर्ट. दोन्ही घ्यायला पैसे नाहीत. आणि असते तरी प्रश्न सुटत नव्हता, कारण पाण्यात उतरल्यावर लेन्स बदलता येत नाही. बोटीवरही शहाणा माणूस डबा उघडत नाही, खारा थेंब आत गेला तर कॅमेरा गेला. सकाळी कोरड्या खोलीत बसून जी लावाल तीच दिवसभर. मॅक्रो लावून गेलं की डोक्यावरून मोठा जीव जाणार आणि फिशआय लावून गेलं की नखाएवढं नवल समोर येणार, असा त्या लोकांत पिढीजात विनोद आहे म्हणे.

फिशआयवर तिचा जीव का, तर त्या लेन्सने हातभर अंतरावरून पोवळं मोठं येतं आणि मागे पोहणारा माणूस, वर सूर्याची किरणं, सगळं एका फोटोत मावतं. मासिकांत छापून येतात ते फोटो बहुतेक असे. मुलगासुद्धा म्हणाला, घ्यायचीच असेल तर हीच घे, चार लोकांना दाखवायला तरी होईल. बापलेकीचं त्या सबंध वर्षात एकमत झालं ते याच एका मुद्द्यावर.

मी दोघांना काही न बोलता तिची डाइव्हची वही मागितली. प्रत्येक बुडीची नोंद ठेवायची त्यांना शिस्त असते. तारीख, जागा, किती खोल, किती मिनिटं, हवा किती उरली आणि पाण्यात किती लांबचं दिसत होतं. मला ती वही बघून फार बरं वाटलं. अर्जदार काय बोलतो ते ऐकावं, पण निर्णय त्याच्या खात्याच्या उताऱ्यावरून घ्यावा, हे मी कारवारच्या शाखेत शिकलो. माशांच्या धंद्यातला माणूस सांगायचा एक, खात्यात दिसायचं दुसरं. दोन्हीत खोटं काही नसायचं. एक त्याला हवं असलेलं, एक झालेलं.

वहीत चौतीस बुड्या होत्या. सत्तावीस ग्रांदे बेटाच्या, वास्कोसमोरच्या. पाच नेत्राणीच्या, मुरुडेश्वरहून बोटीने जातात ते बेट. दोन शिकतानाच्या. मी पेन्सिलीने ‘किती लांबचं दिसलं’ हा रकाना उतरवून काढला. ग्रांदेच्या सत्तावीसपैकी वीस वेळा तीन मीटर किंवा त्याहून कमी. एकदा तर ‘१, सरांचे फक्त पाय दिसत होते’ असं लिहिलेलं. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्यांचा गाळ त्या किनाऱ्यावर येतो, त्याला ती तरी काय करणार. नेत्राणीला मात्र दहा, बारा, एकदा पंधरा.

मग विचारलं, पुढच्या वर्षीचं काम कुठे? म्हणाली, ग्रांदेलाच. नेत्राणीचा खर्च झेपत नाही, जमलं तर एकदा. ऑक्टोबर ते मे काय ते बुडायचं, पावसाळ्यात बंद.

म्हटलं, मग ही फिशआय तू नेत्राणीसाठी घेतेस आणि वापरणार ग्रांदेला. तीन मीटरच्या पाण्यात ती पोवळं छान काढेल, मान्य, पण तुझ्या त्या किरणांच्या आणि माणसाच्या जागी हिरवी भिंत येईल. आणि तुझी मुगाच्या दाण्याएवढी गोगलगाय त्या फोटोत मुगाच्या दाण्याएवढीही दिसणार नाही. साठच्या मॅक्रोला किती पाणी लागतं? लेन्सपुढे वीतभराच्या आत काम. वीतभर पाणी ग्रांदेला रोज स्वच्छ असतं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे आपल्याकडचं पाणी घाण आहे म्हणून लहान बघायचं?”

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. कारण प्रश्न लेन्सचा उरला नव्हता. तिच्या बरोबरच्या मुली अंदमानला जातात, लक्षद्वीपला जातात, आणि हिने बेळगावाहून बसने पणजी गाठून गढूळ पाण्यात पोटावर सरपटायचं. मी तिला म्हटलं, घाण नाही ग, गाळ आहे. गाळात खायला असतं म्हणून तर तुझ्या त्या सगळ्या तिथे राहतात ना? (हे मी अंदाजाने ठोकून दिलं होतं. ती हसली आणि म्हणाली, अगदी तसं नाही, पण चालेल.)

मॅक्रो ठरली तरी कुठली, यावर आणखी पंधरा दिवस. त्याच कंपनीची तीस मिलिमीटरची मॅक्रो स्वस्त आणि तिच्याहूनही मोठं करून दाखवणारी. मुलाने लगेच तिच्याकडे बोट दाखवलं. पण कागद नीट वाचल्यावर दिसलं, की सगळ्यात मोठं करायला जावं तर तिच्यापुढे जेमतेम दीड सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्यात पोर्टची काच, पाणी आणि गोगलगाय कशी बसवणार? आणि दिव्याचा उजेड आत शिरणार कुठून? लेन्सच सावली धरणार. साठला तिथे नऊ-एक सेंटिमीटर मिळतात. जीव बिचकत नाही, उजेड आत जातो. शंभरच्या पुढची मॅक्रो घ्यावी तर मध्ये पाणी वाढतं. गढूळ पाण्यात साठ हे बरोबर मधलं.

दिव्यांचं मला समजवावं लागलं नाही. जुलै महिन्यात चोर्ला घाटातून गाडी चालवलेल्या माणसाला ते आपोआप कळतं. धुक्यात हेडलाइट मोठा केला की पुढे पांढरा पडदा. पाण्यातला गाळाचा कण न् कण तसाच चमकतो आणि फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून दिवे लेन्सच्या शेजारी लावायचे नाहीत, दोन हात लावून बाजूला काढायचे आणि त्यांच्या उजेडाची फक्त कड गोगलगाईवर पाडायची. म्हणजे मधला गाळ अंधारात राहतो.

खर्चाचा तक्ता मी केला. नुसत्या लेन्सचा भाव बघून उड्या मारणारे खूप बघितलेत. लघुउद्योगाचा अर्ज घेऊन यायचे, यंत्राची किंमत पैशापर्यंत लिहिलेली आणि कच्चा माल, वीज, दोन महिन्यांचे पगार यांचा पत्ता नाही. इथेही तेच. लेन्स घेतली की तिच्या मापाचा पोर्ट घ्यावा लागतो, दोन दिवे, ते धरणारे हात, बॅटऱ्या, रबरी कड्या, त्यांना लावायचं सिलिकॉन ग्रीस. लेन्सची किंमत एकूण रकमेच्या निम्मीही निघाली नाही. दिवे आणि पोर्ट वापरलेले मिळाले म्हणून सगळं एक लाख दोन हजारांत बसलं. उरलेले छत्तीस हजार पुन्हा पावती करून ठेवले. त्या दिवशी बँकेत जाताना ही बरोबर आली. मुलगा आला नाही. काउंटरवरच्या मुलीने मुदतीआधी मोडण्याचं कारण विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, “तिच्या बारशाचा आहेर होता, तिला देतोय.”

सामान आल्यावर पहिली चाचणी आमच्या न्हाणीघरात झाली, सासूबाईंच्या तांब्याच्या घंगाळात. आधी डबा रिकामाच, आत टिशू कागद ठेवून अर्धा तास बुडवून ठेवायचा आणि कागद कोरडा निघाला तरच पुढे कॅमेरा घालायचा, अशी पद्धत आहे. अर्धा तास आम्ही चौघं स्टुलं घेऊन घंगाळाभोवती बसलो होतो, सत्यनारायणाला बसल्यासारखे. कागद कोरडा निघाला. मग तळाशी रुपयाचं नाणं आणि त्याच्यावर एक मुगाचा दाणा. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही काढा. डब्याच्या बटणांना दाब लागतो, माझ्या संधिवाताच्या बोटांना सवय नव्हती, पण काढला. पडद्यावर मुगाचा दाणा फणसाएवढा आणि त्याच्यावरचा पांढरा डोळा असा स्पष्ट की त्याच्या कडा मोजाव्यात. त्या लेन्सवर एक छोटं बटण आहे, जवळचंच बघ, लांब शोधत बसू नको असं तिला सांगणारं. पाण्यात हात पोचत नाही, म्हणून डब्यात घालण्याआधी ते १९ ते ४० सेंटिमीटरवर करून ठेवायचं. नातीने डब्याच्या झाकणावर त्याची चिठ्ठी चिकटवलीय. अक्षर माझं.

डिसेंबरात पहिला फोटो आला. ग्रांदे, सात मीटर, दिसण्याचं अंतर दोन. पांढरी गोगलगाय, कडेला पिवळा काठ, पाठीवर लालसर तुरा, त्या तुऱ्याची पिसं वेगवेगळी मोजता येतील अशी. मागे काळा मिट्ट. कोणी सांगितलं नसतं तर वाटलं असतं, किती स्वच्छ पाणी! तिच्या सरांनी तुऱ्यावरून जात सांगितली आणि नोंद झाली. मे महिन्यापर्यंत अशा एकोणीस नोंदी झाल्या. त्यातल्या सहा जातींचे तिच्याकडे आधी धड फोटोच नव्हते.

नेत्राणीला ती एकदा गेली, मार्चमध्ये. पाणी पंधरा मीटरचं, स्वच्छ. आणि व्हायचं तेच झालं, एक कासव तिच्या हाताच्या अंतरावर येऊन थांबलं. कॅमेऱ्यावर साठची मॅक्रो. सबंध कासव मावणं शक्यच नाही. तिने डोळा काढला. नुसता डोळा आणि त्याच्याभोवतीच्या मानेच्या खवल्या, सुरकुत्यांसारख्या. बरोबरच्या सगळ्यांनी सबंध कासव काढलं. हा फोटो बघून आमची ही म्हणाली, “अहो, हे तर आपल्या आत्याबाई.” खरंच, वडिलांच्या थोरल्या बहिणीचा डोळा तसाच होता, चष्मा काढल्यावरचा.

मुलाचं सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये त्याच्या फौंड्रीचा एक मोठा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला, ओतकामात बारीक भोकं आहेत म्हणून. मोबाइलवर ती भोकं धड येईनात. नात सुट्टीला घरी आली होती. त्याने तिला विचारलं, तुझी ती लेन्स पाण्याबाहेर चालते का? दोघं बापलेक रविवारी उद्यमबागेत जाऊन दिवसभर त्या भोकांचे फोटो काढत होते. दिवा बाजूने कसा मारायचा ते तिने त्याला दाखवलं. संध्याकाळी आल्यावर तो मला म्हणाला, “अप्पा, लेन्स चांगली आहे.” नोकरीबद्दल काही बोलला नाही. मीही नाही.

आता तिला पाण्यातच पुढे लावता-काढता येणारी भिंगं हवी आहेत, वेट लेन्स म्हणतात त्यांना. डब्याच्या काचेवर बाहेरून बसतात, म्हणजे खाली असताना थोडीफार निवड हातात राहते. अर्ज आलाय, मी वहीचा नवीन उतारा मागवलाय. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख याच महिन्यात आहे. त्याची लिंक मुलाने तिला पाठवली, तेव्हा मलाही पाठवली. तिने भरला की नाही ते मी विचारलेलं नाही. पावतीत छत्तीस हजार आणि त्यावरचं व्याज आहे.